धानाची पार्श्वमुळे : जमिनीखालची गुंतवणूक

छत्तीसगड राज्याची ओळख 'धान का कटोरा' अशी करून दिली जाते. 1 नोव्हेंबर 2000 रोजी स्वतंत्र राज्य म्हणून अस्तित्वात आलेल्या या प्रदेशाच्या मध्यभागी दुर्ग-भिलाईचा पट्टा आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाल्यापासून या गावाचे नाव पोलादाशी जोडले गेले. तथापि कारखान्याच्या वसाहती ओलांडून चार-पाच किलोमीटर बाहेर पडले की आजही दोन्ही बाजूंना धानाच्याच बांध्या दिसतात. कारखाना आणि शेती या दोहोंना तांदुला व महानदी प्रकल्पांच्या कालव्यांतून पाणी मिळते. मात्र कालवा जेथे पोहोचत नाही, तेथील धान सर्वस्वी पावसावर अवलंबून असते.

या पट्ट्यातील शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो. माथ्यावरची मुरमाड लाल 'भाठा', तिच्याखालची पिवळसर, उथळ 'मटासी', त्याखालची मध्यम खोलीची 'डोरसा' आणि सखल भागातील काळी, चिकण 'कन्हार'. सप्टेंबरमध्ये पावसाने दोन आठवडे ओढ दिली, की मटासीवरील धानाची पाने गुंडाळू लागतात, तर त्याच गावातील कन्हारावरचे धान हिरवेगार उभे असते. या फरकाचे अर्धे उत्तर मातीच्या ओलावा धरून ठेवण्याच्या क्षमतेत आहे. उरलेले अर्धे उत्तर मुळांत, आणि तेही डोळ्यांना सहज दिसणाऱ्या जाड मुळांत नसून त्यांच्या अंगावर फुटणाऱ्या केसासारख्या बारीक पार्श्वमुळांत दडलेले आहे. कृषी अर्थशास्त्राच्या अभ्यासात उत्पादकता, हमीभाव, सिंचनक्षमता या संकल्पना आपण वारंवार वाचतो. परंतु हे सर्व ज्या अवयवाच्या आधारे घडते त्याचा उल्लेख क्वचितच होतो. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मुळांची रचना

हरभरा किंवा तूर यांना एक सोटमूळ असते व त्यास फांद्या फुटतात. धान हे एकदल पीक असल्याने त्याची मुळे तंतुमय असतात. बी रुजताना प्रथम एकच आदिमूळ बाहेर पडते. काही दिवसांतच खोडाच्या तळाशी असलेल्या पेऱ्यांमधून नवी मुळे फुटू लागतात. ती मुळापासून न फुटता खोडापासून फुटतात, म्हणून त्यांना आगंतुक मुळे म्हणतात. झाडाच्या बुडाभोवती मुकुटासारखी पसरत असल्यामुळे त्यांना मुकुटमुळे असेही संबोधले जाते. प्रत्येक फुटवा स्वतःची मुकुटमुळे निर्माण करतो. पूर्ण वाढलेल्या धानाचा डोलारा याच मुळांवर उभा असतो.

आदिमूळ आणि मुकुटमुळे या दोहोंच्या अंगावर जी दुय्यम मुळे फुटतात ती पार्श्वमुळे होत. मुळांच्या एकूण लांबीपैकी बहुतांश वाटा या पार्श्वमुळांचा असतो. येथे परीक्षार्थींचा नेहमी होणारा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मूलरोम आणि पार्श्वमूळ एक नव्हेत. मूलरोम ही मुळाच्या बाह्यत्वचेतील एकाच पेशीची लांबट वाढ असते व तिचे आयुष्य अल्प असते. पार्श्वमूळ मात्र स्वतःची जलवाहिनी, रसवाहिनी व मूलटोपी असलेले संपूर्ण मूळ असते. हा फरक केवळ व्याख्येपुरता नाही. धान जमिनीतून मोठ्या प्रमाणावर सिलिका शोषते. त्यामुळे खोड ताठ राहते आणि करपा रोगास प्रतिकार होतो. पार्श्वमुळे नसलेल्या आणि मूलरोम नसलेल्या अशा दोन उत्परिवर्तित धानांची तुलना 2001 मध्ये जपानमध्ये करण्यात आली. तेव्हा मूलरोमांच्या अभावाने सिलिकाच्या शोषणात विशेष फरक पडला नाही. पार्श्वमुळांच्या अभावाने मात्र ते बरेच घटले.

पार्श्वमूळ कसे जन्मते

झाडाच्या फांदीचा उगम पानाच्या बेचक्यातील बाह्य कळीतून होतो. मुळाची फांदी मात्र आतून येते. मुळाचा आडवा छेद घेतल्यास बाहेरून आत अनुक्रमे बाह्यत्वचा, मध्यत्वचा, अंतस्त्वचा, परिरंभ आणि मधोमध वाहिन्यांचा गाभा दिसतो. परिरंभ हा गाभ्याला वेढणारा एका पेशीच्या जाडीचा थर आहे. मुळाच्या टोकापासून थोडे मागे, जेथे पेशींची लांबीतील वाढ संपत आलेली असते, तेथे या थरातील मोजक्या पेशी पुन्हा विभाजित होऊ लागतात. धानामध्ये हे विभाजन रसवाहिनीच्या समोरील पेशींत सुरू होते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत आदर्श म्हणून वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीवर्गीय रोपात ते जलवाहिनीसमोर होते. आणखी एक महत्त्वाचा भेद असा, की अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये नवे मूळ जवळजवळ पूर्णतः परिरंभातून घडते, तर धानात शेजारची अंतस्त्वचाही विभाजित होऊन नव्या मुळाच्या बाह्य आवरणास व मूलटोपीस हातभार लावते. एका वनस्पतीतील निष्कर्ष दुसरीस जसेच्या तसे लावता येत नाहीत, याचे हे चांगले उदाहरण होय.

पेशी प्रथम मुळाच्या लांबीला आडव्या व नंतर त्वचेला समांतर अशा विभाजित होतात, थरांवर थर चढतात आणि घुमटाच्या आकाराचा एक अंकुर तयार होतो. हा अंकुर मध्यत्वचा भेदत बाहेर पडतो. वाटेतील पेशी एकमेकींपासून सुटून त्यास जागा करून देतात. दरम्यान त्याच्या वाहिन्या जनक मुळाच्या वाहिन्यांशी जोडल्या जातात. ही जोडणी झाल्यानंतरच नव्या मुळाने शोषलेले पाणी झाडापर्यंत पोहोचते.

कोणत्या पेशींनी जागे व्हायचे याचा निर्णय मुख्यतः ऑक्झिन या संप्रेरकाद्वारे होतो. शेंड्याकडील कोवळ्या भागात व मुळाच्या टोकाशी तयार होणारे ऑक्झिन पेशीतून पेशीकडे ठराविक दिशेने वाहून नेले जाते. एखाद्या ठिकाणी त्याचे प्रमाण वाढले, की एरवी जनुकांना दाबून ठेवणारी काही प्रथिने नष्ट केली जातात आणि मुळाच्या निर्मितीची जनुके कार्यान्वित होतात. धानात अशा दाबणाऱ्या प्रथिनांपैकी एक (ओएसआयएए-11) उत्परिवर्तनामुळे नष्ट होईनासे झाले, तर पार्श्वमुळे फुटण्याची प्रक्रियाच अडते, असे 2012 मध्ये दाखवून देण्यात आले. त्याआधी 2005 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी सीआरएल-1 हे ऑक्झिनला प्रतिसाद देणारे जनुक शोधले होते. ते बिघडल्यास मुकुटमुळे जवळपास तयारच होत नाहीत आणि पार्श्वमुळांची संख्याही घटते. सायटोकायनिन हे संप्रेरक याच्या उलट, म्हणजे पार्श्वमुळे रोखण्याचे काम करते. या दोहोंच्या समतोलावर मुळांचा पसारा ठरतो.

दोन जातींची पार्श्वमुळे

धानाची सर्व पार्श्वमुळे एकसारखी नसतात. बहुसंख्य पार्श्वमुळे आखूड व अत्यंत बारीक असतात. ठराविक लांबीनंतर त्यांची वाढ थांबते आणि त्यांना पुढे फांद्या फुटत नाहीत. थोडी पार्श्वमुळे लांब व तुलनेने जाड असतात; ती वाढत राहतात आणि त्यांना पुन्हा पार्श्वमुळे फुटतात. जाड अंकुर व्हायचे की बारीक, हे अंकुर लहान असतानाच ठरते. या निर्णयात डब्ल्यूओएक्स-10 या जनुकाचा सहभाग असल्याचे 2022 मध्ये सिद्ध झाले. मुख्य मुळाचे टोक तुटले, किंवा मातीतील ओलावा थोडा कमी झाला, की लांब पार्श्वमुळांचे प्रमाण वाढते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात ओळखीचे काहीतरी दिसावे. पानांत तयार झालेली शर्करा हे झाडाचे भांडवल. ते दाण्यात घालायचे, पानात की मुळात, हा वाटपाचा प्रश्न आहे. मुळात घालायचे ठरल्यावरही जाड मुळात की बारीक मुळात, हा पर्याय उरतो. मुळाची जाडी निम्मी केली तर तेवढ्याच द्रव्यात चौपट लांबीचे मूळ तयार होते व त्याचे पृष्ठफळ दुप्पट होते. म्हणून शोषणासाठी बारीक मुळे स्वस्त पडतात. परंतु ती दूरवर जाऊ शकत नाहीत आणि घट्ट मातीत शिरत नाहीत. लांब पार्श्वमूळ महाग असले तरी नवा प्रदेश उघडते. स्फुरदासारखे अन्नद्रव्य मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. ते मुळाकडे येत नाही, मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. भाठा व मटासीसारख्या लाल-पिवळ्या जमिनींत लोह व ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरदास बांधून ठेवतात, तेव्हा ही गरज अधिकच तीव्र होते.

हे वाटप अंदाजपंचे होत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, मुळाची एक बाजू ओल्या मातीला व दुसरी हवेच्या पोकळीला टेकली असेल, तर पार्श्वमुळे ओल्या बाजूसच फुटतात. हा गुणधर्म अ‍ॅराबिडॉप्सिसप्रमाणेच मका व धानातही आढळला. अर्थात, पावसाच्या दोन सरींमध्ये जमीन किंचित सुकणे, पुन्हा ओली होणे, याची नोंद रोप घेत असते आणि त्यानुसार मुळांची मांडणी बदलते. मुळांची ही बदलक्षमता सर्व वाणांत सारखी नसते. पैदासकाराच्या दृष्टीने हाच खरा कच्चा माल आहे.

चिखलणी, तवा आणि बियासी

सिंचित क्षेत्रात धानाची रोवणी चिखलणी करून होते. चिखलणीमुळे तण दबते व पाणी झिरपत नाही. मात्र वर्षानुवर्षांच्या चिखलणीने साधारण 15 ते 20 सेंटिमीटर खाली मातीचा घट्ट थर, ज्यास शेतकरी तवा म्हणतात, तयार होतो. मुळे बहुतांशी त्याच्या वरच राहतात. घट्ट माती मुळास केवळ बळाने अडवते असा समज दीर्घकाळ होता. 2021 मध्ये असे दिसून आले, की मुळातून बाहेर पडणारा इथिलीन वायू घट्ट मातीत अडकून मुळाभोवती साठतो आणि तोच वाढ थांबवण्याचा संकेत देतो. इथिलीनला प्रतिसाद न देणारी धानाची उत्परिवर्तित रोपे घट्ट मातीतही पुढे सरकली. जोवर बांधीत पाणी उभे आहे तोवर उथळ मुळांनी काही बिघडत नाही. पाणी आटले की त्या 15-20 सेंटिमीटरच्या थरातील ओलावा संपतो, आणि खाली ओल असूनही रोप तहानलेले राहते.

छत्तीसगडच्या कोरडवाहू भागात मात्र रोवणीऐवजी 'बियासी' ही पद्धत पूर्वापार चालत आली आहे. पूर्व विदर्भातील आवत्या धानाशी परिचित वाचकांना तिचा पूर्वार्ध लगेच ओळखू येईल. पावसाच्या सुरुवातीस बी फेकून पेरले जाते. महिनाभराने, बांधीत 15 ते 20 सेंटिमीटर पाणी साठले की उभ्या पिकातून हलका नांगर चालवला जातो. प्रथमच पाहणाऱ्यास हा पिकाचा नाश वाटावा असाच प्रकार असतो. रोपे आडवी होतात, काही उपटली जातात, अनेकांची मुळे तुटतात. त्यानंतर 'चलाई' केली जाते, म्हणजे दाट जागेची रोपे उचलून विरळ जागेत लावली जातात. आठ-दहा दिवसांत पीक पुन्हा सावरते.

हे सावरणे म्हणजेच मुळांचे पुनर्वित्तपुरवठा होय. कोवळ्या रोपाच्या खोडाच्या तळाशी असलेली पेरी नवी मुकुटमुळे टाकतात, तुटलेल्या मुळांच्या मागील भागातून लांब पार्श्वमुळे फुटतात, सैल झालेल्या मातीत त्यांना वाट मिळते. विरळणीमुळे प्रत्येक रोपाच्या वाट्याची जागाही वाढते. तण चिखलात गाडले जाते ते वेगळेच. बियासीला मागासलेली पद्धत म्हणणाऱ्यांनी तिच्यात तण, विरळणी व मशागत ही तीन कामे एकाच नांगरटीत होतात हे विचारात घेतलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या पद्धतीचा कच्चा दुवा वेळेचा आहे. बियासीसाठी पाणी साठावे लागते आणि ते पावसाच्या हाती असते. जुलैमध्ये पावसाने ओढ दिली तर रोपे 40-45 दिवसांची होईपर्यंत वाट पाहावी लागते. एवढ्या वयाच्या रोपाची मुळे तोडली की त्यास सावरण्यास अधिक काळ लागतो. फुटवे येण्याचा कालावधी निघून जातो आणि खर्च झालेली शर्करा दाण्याच्या वाट्यातून वजा होते. म्हणून बियासी उशिरा करावी की सोडून द्यावी, हा पेच मटासीवरील शेतकऱ्यापुढे कोरड्या जुलैत उभा राहतो. सीड ड्रिलने ओळीत पेरणी व तणनाशकांचा वापर हा त्यावरील एक पर्याय आहे. त्यात मुळे तुटत नाहीत, मात्र रोख खर्च वाढतो.

पैदाशीत हरवलेले मूळ

1966 साली आयआर-8 या बुटक्या वाणापासून धानाची हरितक्रांती सुरू झाली. त्यानंतरच्या वाणांची निवड मुख्यतः सिंचित व भरपूर खत दिलेल्या प्रक्षेत्रांवर, जमिनीवरच्या गुणांवरून झाली. कणसे मोजणे सोपे. मुळे धुऊन मोजणे कष्टाचे व खर्चाचे. परिणामी 1985 मध्ये फिलिपाइन्समध्ये प्रसृत झालेला आयआर-64 सारखा लोकप्रिय वाण उथळ मुळांचा निघाला. फिलिपाइन्समधील किनानदांग पातोंग या डोंगरउतारावरील पारंपरिक वाणातून मिळालेले डीआरओ-1 हे जनुक आयआर-64 मध्ये आणल्यावर मुळे अधिक खोल गेली व दुष्काळात उत्पादन टिकले, असे 2013 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले. हे जनुक मुळांची संख्या न वाढवता त्यांचा खाली जाण्याचा कोन बदलते. त्याआधी 2012 मध्ये कासालाथ या भारतीय पारंपरिक वाणातील पीएसटीओएल-1 जनुकाची ओळख पटली होती. ते रोपावस्थेतच मुळांची वाढ वेगवान करून स्फुरद-दरिद्री जमिनीत पिकास आधार देते. आयआर-64 मध्ये हे जनुक नाहीच. वे रारेम या इंडोनेशियन वाणाकडून आलेला क्यूडीटीवाय-12.1 हा गुणसूत्रखंड दुष्काळात उत्पादन राखतो. त्यामागे पार्श्वमुळांच्या वाढलेल्या फांद्या हे एक कारण असल्याचे आढळले आहे. 2010 मध्ये भारतात प्रसृत झालेल्या सहभागी धान या वाणाचा एक पालकही वे रारेमच आहे.

या घडामोडींत रायपूरचे स्थान लक्षणीय आहे. कटक येथील केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात छत्तीसगडच्या गावागावांतून धानाचे हजारो पारंपरिक वाण गोळा केले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे 23 हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. 2002 मध्ये या संग्रहाविषयी सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी झालेला करार लोकक्षोभानंतर बारगळला. रिछारियांनी फुटवे अलग करून पुन्हा लावण्याच्या, म्हणजे शाकीय अभिवृद्धीच्या तंत्राचाही पुरस्कार केला होता. प्रत्येक फुटवा स्वतःची मुळे निर्माण करू शकतो, या गुणधर्मावरच ते तंत्र उभे होते. भाठा-मटासीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या या वाणांमध्ये मुळांचे उपयुक्त गुण असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र संग्रहात बी असणे आणि त्याच्या मुळांची पद्धतशीर पारख झालेली असणे यांत अंतर आहे.

भाव, विमा आणि मूळ

खोल व फांद्यायुक्त मुळे हा झाडाने स्वतः उतरवलेला विमा आहे. त्याचा हप्ता शर्करेच्या रूपाने भरला जातो. कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी मिळत असेल तर हा हप्ता वाया जातो व तेवढे दाणे कमी येतात. पाण्याचा भरवसा नसेल तर तोच हप्ता पीक वाचवतो. म्हणजे कन्हारावरचा उत्तम वाण मटासीवर उत्तम ठरेलच असे नाही.

परंतु धानाचा भाव हा भेद ओळखत नाही. 2023-24 च्या खरीप हंगामात साधारण धानाचा केंद्रीय हमीभाव क्विंटलला 2183 रुपये असताना छत्तीसगड शासनाने एकरी 21 क्विंटलपर्यंत, क्विंटलला 3100 रुपये शेतकऱ्यास मिळतील अशी व्यवस्था केली. एकरी कमाल 65,100 रुपये असा हिशेब होतो. 2024-25 मध्ये राज्यात सुमारे 149 लाख टन धानाची खरेदी झाली. या भावाने ग्रामीण भागात पैसा आला, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर एकरी 21 क्विंटल गाठण्याची ओढही निर्माण झाली. स्वर्णासारखा सुमारे 140 ते 145 दिवसांचा, अधिक उत्पादन देणारा वाण चांगल्या वर्षी तेथवर नेतो. मटासीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी आटले की तोच आधी कोलमडतो. कमी मुदतीचा, मुळांवर अधिक खर्च करणारा वाण वाईट वर्षी बरे उत्पादन देतो, पण चांगल्या वर्षी 21 चा आकडा गाठत नाही. शेतकरी यातून पहिला पर्याय निवडत असेल तर त्यास अविवेकी म्हणता येणार नाही. भावाने त्याच्यासमोर ठेवलेले गणितच तसे आहे.

2016 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना या जोखमीस उत्तर म्हणून पुढे येते. प्रमुख पिकांसाठी तिचे विमा क्षेत्र गाव किंवा ग्रामपंचायत हे असते व व्यापक नुकसानभरपाई त्या क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. सिंचित व असिंचित धान वेगवेगळे अधिसूचित केले, तरी असिंचितातही डोरसा, मटासी व कन्हार एकत्रच मोजले जातात. कापणी प्रयोगाचे यादृच्छिक भूखंड कन्हारावर अधिक पडले, तर गावाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या वर राहते आणि मटासीवरील ज्याचे धान मुळांअभावी वाळले, त्याला काहीच मिळत नाही. याला विमाशास्त्रात आधार-जोखीम म्हणतात. मातीचे हे चारही प्रकार कृषी विभागाला माहीत आहेत आणि गावकरी तर शेतावर उभे राहून त्यांची सीमारेषा बोटाने दाखवू शकतात. कापणी प्रयोगाच्या नोंदीत मातीच्या प्रकाराचा एक रकाना वाढवला, तर किमान या आधार-जोखमीचा आकार मोजता येईल.